कोंढमाळची चढण

प्रशिकच्या स्वप्नात वडिलांची, म्हणजे आप्पांची, लाल आठशे गाडी कधी आवाज करायची नाही. किकवीच्या घराच्या ओट्यावर रविवारी दुपारी जेवून तो आडवा झाला, की पाच-दहा मिनिटांत गाडी निघालेलीच असायची. शेजारच्या सीटवर आई, अंगावर ठेवणीतली पांढरी साडी, काच खाली केलेली. वेल्हं मागं पडायचं, दोन्ही अंगांना सोनकीची पिवळी फुलं लागायची आणि मग कोंढमाळची चढण. पहिलं वळण जायचं, दुसरं जायचं आणि तिसऱ्याला स्वप्नातली गाडीसुद्धा दोन गचके खाऊन थांबायची. स्वप्नाला ना पेट्रोल लागतं ना क्लच, तरी बया तिथंच बसायची. आता याला काय म्हणावं?

प्रशिक तसा स्वप्नाळूच. वरव्याजवळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि नटबोल्टांच्या खोक्यांमध्ये उभा राहून कुठंतरी भलतीकडंच असायचा. वय अडतीस, घरात शुभांगीसारखी खमकी बायको, त्यामुळं संसार जमिनीवर होता. पण या एका गाडीपायी गेले दोन महिने तो जागेपणीसुद्धा डोंगरच चढत होता.

त्याला कारण त्याची आई, साळूबाई. कोंढमाळ तिचं माहेर. वेल्ह्याच्या पुढं डोंगराच्या खांद्यावर वीस-एक घरांची वस्ती, आणि तिथं जायला खालच्या फाट्यापासून अंगावर येणारी चढण. एसटी फाट्यापर्यंतच. वीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, म्हणजे रतन आप्पांनी, ही गाडी जुन्यातच घेतली, तेव्हा साळूबाईला वाटलं होतं की आता आपण माहेरच्या दारात गाडीतून उतरणार. पण गाडीनं तो मान कधी दिलाच नाही. तिघं बसले की दुसऱ्या वळणावर तिचा जीव जायचा. मग रीतच पडून गेली. फाट्यावर सगळ्यांनी उतरायचं, स्टिअरिंग प्रशिकच्या हातात द्यायचं आणि आप्पांनी पिशवी खांद्याला मारून साळूबाईबरोबर पायी निघायचं. मोकळी गाडी धापा टाकत कशीबशी वर पोचायची, आणि तासाभरानं मागून दोघं घाम पुसत यायची.

वर दारात साळूबाईची भावजय धोंडाबाई उभीच असायची. जिभेची तिखट बाई. "आली व्हय गाडी?" ती म्हणायची. "आन् गाडीवालं कुठं हायत? मागनं हाकत येत्यात?" सगळी आळी हसायची. साळूबाई तर सगळ्यांच्या वरताण. "अवो वयनी, गाडी कसली, वासरू हाय त्ये. मोकळं सोडलं की चालतं, वजं ठिवलं की बसतं." आप्पा काही बोलायचे नाहीत. हसायचे, तांब्याभर पाणी मागायचे आणि गाडीच्या सावलीत बसायचे.

आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून साळूबाई माहेरी गेली नव्हती, कारण तिचे गुडघे गेले. आणि आता दोन महिन्यांपूर्वी वरून फोन आला, की धोंडाबाईची नजर चाललीय. डॉक्टरांनी सांगितलं, फार तर दिवाळीपर्यंत थोडंफार दिसेल, पुढं नुसता उजेड-अंधार. फोनवर धोंडाबाई पहिल्यांदाच मऊ बोलली. "वन्सं, येकदा येऊन जावा. तोंड बघू द्या तुमचं."

साळूबाईनं फोन ठेवला आणि फर्मान काढलं. जायचं, पण आप्पांच्या गाडीतनं जायचं, आणि फाट्यावर न उतरता थेट दारापर्यंत बसून जायचं.

"आई, जीप सांगतो की भाड्याची. अर्ध्या तासात वर," प्रशिक म्हणाला.

"भाड्याच्या जीपमधनं उतरले तर वयनी काय म्हनंल? दाजींची गाडी शेवटपातूर चडलीच न्हाई, आसं म्हनंल. आन् त्येच डोळ्यात घिऊन बसंल. तिचं डोळं जायच्या आदी तिनं बघितलं पायजे." एवढं बोलून ती गुडघ्याला तेल चोळत बसली. विषय संपला.

म्हणून प्रशिक गाडी घेऊन नसरापूरला गोरखकडं गेला. नवं इंजिन टाकायची ऐपत नव्हती आणि तेवढ्यात दुसरी जुनी गाडीच आली असती. जे करायचं ते हातातोंडाची गाठ सांभाळून. गोरखचं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक बाकडं. पण कान असा, की शंभर पावलांवरून आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगावं. त्याच्या दोन सवयी होत्या. एक, तो गिऱ्हाइकाची गाडी स्वतः कधी चालवत नसे. तरुणपणी एका सरपंचाची नवी जीप त्यानं देवळाच्या भिंतीला नेऊन टेकवली होती, तेव्हापासून कानाला खडा. "मालकानं चालवायची, म्या शेजारी बसून ऐकनार," तो म्हणायचा. दुसरी सवय, इंजिन तपासताना तो सीटवर जातच नसे. बॉनेट उघडायचं आणि कार्बोरेटरवरची दांडी बोटानं ओढून तिथल्या तिथं रेस करायची. एकटा माणूस, दर वेळी आत-बाहेर कोण करणार?

त्यानं दांडी ओढली. लाल आठशे जी काही गरजली, की बाकड्यावरचं मांजर उठून गेलं.

"इंजिन मेलेलं न्हाई," गोरख म्हणाला. "हिच्या कागदावर सदतीस घोड्यांची ताकद लिवलीय. नवे इकत घ्यायची गरज न्हाई. हरवलेत, त्ये हुडकून आनायचे."

हे ऐकून प्रशिकला जो आनंद झाला, तो लहान मुलालाच होत असेल. त्या रात्रीपासून त्याच्या डोक्यात घोडे फिरायला लागले. तांबूस, पाठीवर धुकं घेतलेले, गुंजवणी नदीच्या काठानं चरत गेलेले. त्यांना नावानं हाका मारायच्या आणि एकेक करून घरी आणायचं.

पहिल्या रविवारी एअर फिल्टर निघाला. त्यात उंदरानं कधीकाळी घर केलं होतं. "हे धर, दोन घोडे हितंच कोंडलेले," गोरख म्हणाला. कार्बोरेटर खोलून पेट्रोलनं धुतला, जेटमधली घाण तारेनं काढली, प्लग नवे टाकले. टॅपेटची खटखट बसवली, टायमिंग कानानं लावलं. दुसऱ्या रविवारी सायलेन्सर उतरवून ठोकला, तर आतून चूल झाडावी तशी काजळी पडली. मागचं एक चाक ब्रेक धरून फिरत होतं, ते मोकळं केलं. मागची सीट, स्टेपनी, जॅक, सगळं घरी उतरवून ठेवलं. शेवटी इंजिनचं हेड काढून भोरला लेथवर नेलं आणि केसभर घासून आणलं, म्हणजे दाब वाढेल. यातलं कुठलंच काम खिशाबाहेरचं नव्हतं, आणि दर कामानंतर गोरखनं दांडी ओढली की इंजिन आधीपेक्षा मोकळं हसायचं.

तिसऱ्या रविवारी पहाटेच दोघं चढणीला गेले. आईच्या जागी इंद्रायणी तांदळाचं पोतं बसवलं होतं. शुभांगीनं त्याला सीटबेल्ट लावून दिला आणि "आईस्नी नीट न्या," असं वर सांगितलं. गोरख मागं, सीटच्या जागी टाकलेल्या फळीवर बसून कान टवकारून होता. धुकं इतकं दाट होतं, की रस्ता दहा पावलं पुढं तयार होत होता आणि मागं पुसला जात होता. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं, तेही झोकात. प्रशिकनं पाय तळाला टेकवला. तिसरं वळण धुक्यातून पुढं आलं, आणि गाडीचा आवाज बसत बसत गेला. दोन गचके. शांतता. खाली कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

प्रशिकला रडायलाच आलं. एवढा मोठा बाप्या, पण पोत्याकडं बघून त्याचे डोळे भरले.

"पहिल्या दिवशी ही उडाली होती, गोरखभाऊ," तो म्हणाला. "आप्पांनी आणली, त्या दिवशी मी अठरा वर्षांचा. न विचारता किल्ली घेतली आणि हायवेनं शिरवळपर्यंत जाऊन आलो. झाडं नुसती मागं पळत होती. खरंच सांगतो. पुढं मग कधीच तशी पळाली नाही. आता तर वाटतं, ते पण मी स्वप्नातच बघितलं असणार."

"अठराव्या वर्सी बैलगाडी बी उडती," गोरख म्हणाला. पण त्याचाही चेहरा उतरला होता. बोटानं ओढल्यावर गरजणारं इंजिन चढणीवर कुठं जातं, हे त्याच्या कानाला कळत नव्हतं, आणि कानावर तर त्याचं सगळं दुकान चालत होतं.

त्याच आठवड्यात कोंढमाळवरून पुन्हा फोन आला. धोंडाबाईचा उजवा डोळा बंद झाला होता.

मग साळूबाई स्वतःच उठली. "मला न्ये त्या गोरखकडं. बगू तरी दे काय करतोय त्यो." रविवारी ती गॅरेजात आली, बाकड्यावर बसली, पण तिथं काय दिसणार? गोरखचं डोकं बॉनेटखाली, प्रशिकच्या हातात पेटती बॅटरी.

गोरखला त्या दिवशी एक नवी शंका आली होती, की पॅडलपासून कार्बोरेटरपर्यंतची केबलच ढिली असेल. ती बघायला आतून कुणीतरी पाय द्यायला हवा होता, आणि प्रशिकनं बॅटरी सोडली तर कार्बोरेटरात दिसणार नव्हतं. "मावशी," त्यानं हाक मारली, "जरा सीटवर बसून रेसचं पॅडल दाबता का?"

साळूबाई उभ्या जन्मात स्टिअरिंगमागं बसली नव्हती. ती कष्टानं आत शिरली, आणि बसल्यावर मात्र सूप धरावं तसं दोन्ही हातांनी चाक धरून समोर बघत राहिली. काचेवर आभाळ पडलं होतं. गाडी जागच्या जागीच होती, पण तिच्या चेहऱ्यावर कुठंतरी निघाल्यासारखं काहीतरी आलं. प्रशिकनं ते पाहिलं आणि त्याला एकदम कळलं, की स्वप्नं बघायची खोड आपल्याला कुणाकडून आलीय.

"दाबा मावशी."

"दाबलंय की."

"पुरतं दाबा. पार तळापातूर."

"आरं दाबलंय म्हनते न्हवं."

गोरख कार्बोरेटरात वाकून बघत होता. इंजिनात हवा सोडणारी आतली चकती निम्मीसुद्धा उघडली नव्हती. त्यानं बोटानं दांडी ओढली, चकती पूर्ण उघडली. सोडली. "मावशी, गुडगा दुकतोय का? ऱ्हाऊ द्या, प्रशिक दाबंल."

"गुडग्याचं नाव काडू नगं," साळूबाई कडाडली. "गुडग्याला काय बी झालेलं न्हाई. पाय खाली टेकतोय कशाला तरी. हितं चटईखाली काय तरी हाय."

प्रशिक खाली वाकला. पायाखालची रबरी चटई आप्पांनी कडेनं चिकटवून टाकलेली होती. आजवर कुणी ती उचलली नव्हती, उचलायचं कारणच नव्हतं. पॅडल जिथवर जायचं तिथवर ते जातं, असंच तो वीस वर्षं धरून चालला होता. चालवायला शिकला तोच या पॅडलवर. त्यानं नखानं कड सोडवली आणि चटई ओढली.

खाली पत्र्यावर लोखंडाची एक लहानशी पट्टी बसवली होती. तिच्यातून उभा बोल्ट, तो ढिला होऊ नये म्हणून चेकनट, आणि बोल्टाच्या डोक्यावर रबराची टोपी, म्हणजे पॅडल टेकलं तरी आवाज होऊ नये. पट्टीच्या कडा कानशीनं गोल केलेल्या. गंज लागू नये म्हणून वरून लाल रंगाचा हात. कुणाचं काम, हे विचारायची गरज नव्हती. रतन आप्पा तीस वर्षं फिटर होते.

गोरख हसायलाच लागला. "आयला, आपन हेड घासलं, सायलेन्सर ठोकला, आन् घोडे हितं..." त्यानं साळूबाईकडं बघितलं.

तिनं चाक सोडलं नव्हतं.

"तू त्या दिशी शिरवळला जाऊन आला," ती प्रशिकला म्हणाली. "आन् हसत सांगितलंस, शंभरच्या वर काटा गेला म्हनून. त्याच म्हैन्यात आपल्या आळीतलं पोरगं हायवेवर गाडी पळवताना जिवानिशी गेलं व्हतं. म्या दोन दीस जेवले न्हाई. तुझ्या आप्पास्नी म्हनलं, गाडी इका न्हाई तर माझा नाद सोडा. तिसऱ्या दिशी कामावरनं आले, तासभर गाडीत डोकं घालून बसले. आन् मला म्हनले, जेव आता. पोरगं आता पळवनार न्हाई. म्या इच्यारलं, काय केलं? तर म्हनले, तुला काय करायचंय? म्या जेवले. परत इच्यारलंच न्हाई."

रस्त्यानं एक टेम्पो गेला.

"आन् वर जाऊन वासरू वासरू म्हनून सगळ्यात जास्ती म्याच हसले," ती म्हणाली.

प्रशिकला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. त्याला लाज वाटली, आणि वडिलांवर रागही आला, की एका शब्दानं सांगता आलं नसतं का. आणि रागाच्या पाठोपाठ इतकी माया दाटून आली, की त्यानं खाली बसूनच आईचा पाय धरला. आप्पा चढणीवर मुद्दाम त्याच्या हातात स्टिअरिंग का देत, हे आत्ता त्याच्या डोक्यात आलं. गाडीला ताकद नाही, हे पोराला स्वतःच्या पायानं पटायला हवं होतं.

"काढू का नको, आई?"

साळूबाईनं पदरानं डोळे पुसले. "काड. चाळिशीला आलास आता. आन् त्यास्नी कायमचं ठिवायचं आसतं तर वेल्डिंग मारलं आसतं. नट ठिवलाय म्हंजे काडायसाटीच ठिवलाय."

पुढच्या रविवारी ते निघाले. उशीर केला नाही. साळूबाईनं पांढरी साडी नेसली, शुभांगीनं मागच्या फळीवर गादी टाकून बसायची सोय केली. वेल्हं गेलं. फाट्यावर प्रशिकचा पाय सवयीनं ब्रेककडं गेला. आई जागची हलली नाही. त्यानं गिअर बदलला आणि पाय दाबला, आणि पाय खाली जातच राहिला, जिथं वीस वर्षं तळ होता त्याच्याही खाली. त्याला क्षणभर भीती वाटली. मग गाडीनं नाक वर केलं आणि ती चढायला लागली.

दोन्ही अंगांना सोनकी होती. धुकं वर उचलत होतं आणि गाडी त्याच्या पाठोपाठ वर जात होती. पहिलं वळण कधी गेलं कळलं नाही. दुसऱ्याला साळूबाई खिडकीतून मागं बघायला लागली.

"हितं त्ये पिशवी दुसऱ्या खांद्याला घ्यायचे," ती म्हणाली. मग लगेच, "ह्या दगडावर बसायचे. म्हनायचे, तुझ्यासाटी थांबलोय. थांबायचे सोतासाटीच." गाडी पुढं गेली होती. "आन् त्या बोरीपाशी... गेली का बोर?" तिनं मान वळवली. "प्रशिक, जरा हळू घे रं. काय बी दिसंना झालंय."

त्यानं पाय उचलला. सगळे घोडे हाताशी असताना लाल आठशे तिसऱ्या वळणावरून माणसाच्या चालीनं गेली, बंद पडली नाही, गचका खाल्ला नाही, आणि साळूबाई त्या रस्त्याचं एकेक ठिकाण बघत वर आली.

धोंडाबाई ओट्यावर बसली होती. आवाज ऐकून आळीतली माणसं बाहेर आली. प्रशिकनं गाडी थेट दारापुढं उभी केली.

"कोन हाय गं?" धोंडाबाईनं डाव्या डोळ्यावर हात आडवा धरला. "तांबडं दिसतंय काय तरी."

"म्या हाय वयनी. बसून आले. फाट्यापास्नं हितवर बसून."

"बसून?" धोंडाबाईची जीभ अजून शाबूत होती. "मंग ढकलत कोन व्हतं?"

आळी हसली. साळूबाई हसली नाही. ती दार उघडून, गाडीचा आधार घेऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "वयनी, गाडीत कवाच खोट नव्हती. प्वार पळवंल म्हनून म्या जेवायचं सोडलं व्हतं, म्हनून त्यांनी तिला आतनं बांदून ठिवली व्हती. पॅडलखाली बोल्ट मारून. म्या आता बगितला माझ्या डोळ्यांनी."

हसणं थांबलं.

"आन् येवढी वर्सं दाजी बोलले न्हाईत?" धोंडाबाईनं विचारलं. "आमी तोंडावर हसत व्हतो, तरी?"

"बोलले आसते तर पोराला कळलं आसतं."

धोंडाबाई भिंतीला धरून उठली. कुणीतरी हात द्यायला पुढं झालं, तिनं झिडकारला. एकेक पाऊल चाचपडत ती त्या तांबड्या रंगाकडं चालत आली, आणि हाताला बॉनेट लागल्यावर थांबली.

"लई हसलो वो दाजी तुमाला," ती म्हणाली. "चुकलं आमचं."

बॉनेट चांगलंच तापलेलं होतं, तरी तिनं हात काढला नाही.